कॉटेजची खोटी खिडकी

जुन्या इमारतींचा सरकारी निरीक्षक क्लेमंट यॅरो बसमध्ये बसला. पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या होत्या.

“विनिफ्रेड, एवढी का तणतणतेस?”

“तणतणू नको तर काय करू? भर दुपारी दिवा लावून बटाटे सोलते मी! हवेलीच्या हिरवळीकडच्या भिंतीला खिडकी आहे, पण ती नुसती रंगवलेली.”

“रंगवलेली? कशाला?”

“दोनशे वर्षांपूर्वीच्या लॉर्डसाहेबांना हिरवळीवरून हवेली दोन्ही अंगांनी सारखी दिसायला हवी होती. डावीकडे खिडकी, म्हणून उजवीकडे हवेलीला चिकटलेल्या माझ्या कॉटेजवरही खिडकी. आत राहणाऱ्या माळ्याला उजेड कशाला हवा!”

“मग भिंत फोडून खरी बसव की.”

“अर्ज केला ना! म्हणे, खोटी खिडकी ऐतिहासिक आहे. हात लावलात तर गुन्हा.”

“डोंबल त्यांचं!”

“पुढे ऐक. परवा दुसरं पत्र. रंग उडालाय, होती तशी रंगवून घ्या, गुरुवारी निरीक्षक येतील.”

क्लेमंटने मांडीवरची फाइल पालथी केली.

“अगं, गुरुवार तर आजच! रंगवलीस?”

“रंगवली. चौकट, काचा, सगळं होतं तसं. फक्त आत एक म्हातारी काढली, बटाटे सोलता सोलता बाहेर बघणारी. सत्तेचाळीस वर्षं राहतेय मी तिथे, एकदा तरी त्या खिडकीतून हिरवळ बघू दे की मला!”

हवेलीचा थांबा आला. विनिफ्रेड काठी टेकत उतरली. उतरायचं क्लेमंटलाही होतं, पण तो बसूनच राहिला.