ठमीशी बोलणं

बायको : ...डोळे उघडले तेव्हा खाली दूधवाल्याच्या बाटल्या वाजत होत्या. कूससुद्धा बदलली नाही. एरवी उठल्या उठल्या शिलाई मशीनला चिकटते, आज तशीच पडून राहिले. वन्संनी सांगितलं होतं तसं. मग तुम्ही गॅस पेटवलात. आणि बस्स. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं.

नवरा : चहा घे, निवतोय.

बायको : वन्सं म्हणतात, स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, रोज. झोपेतला मेंदू ती साठवून ठेवत नाही, म्हणून विसरतात. झोपेच्या आजारांच्या वॉर्डात उभा जन्म गेला त्यांचा, त्या कशाला खोटं सांगतील? पापण्यांआड डोळे हलले की लगेच उठवायचं, म्हणजे आठवतं. एवढंच काम दिलं होतं तुम्हाला.

नवरा : हलले नाहीत गं.

बायको : महिनाभर? मी काय दगड आहे? ठमी गेल्यापासून एकदाही दिसली नाही हो मला. आई ना मी तिची? तुमचे डोळे बघा कसे तांबारलेत. माझ्याकडे बघून सांगा.

नवरा : हलतात. रोज पहाटे. बोलतेससुद्धा.

बायको : कुणाशी?

नवरा : ठमीशीच. केस वाळले का, विचारतेस. मोजे उलटे घातलेस म्हणून चिडवतेस. दवाखान्याचं नावही काढत नाहीस. ती आजारी पडली होती, हे तुला ठाऊकच नसतं.

बायको : आणि तुम्ही उठवत नाही!

नवरा : पहिल्या दिवशी खांद्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात हसलीस. दोन वर्षांत हसली नव्हतीस. जागी झाल्यावर सगळ्यांत आधी तुला काय आठवलं असतं, सांग.

बायको : ती काय म्हणते?

नवरा : ते मला कुठून ऐकू येणार? तू मध्ये थांबतेस, तिचं ऐकून घेतेस. मी आपला खुर्चीत बसून असतो.

बायको : नका उठवू मग.

नवरा : नक्की?

बायको : हो. आणि ऐकतही बसू नका. झोपत जा तुम्ही.

नवरा : मग तू काय बोललीस, ते कुणालाच कळणार नाही.

बायको : नाही कळणार. ती खुर्ची माझ्या उशापासून हलवा आधी.

नवरा : कुठे ठेवू?

बायको : बाहेर. कुठेही.

नवरा : ठेवली.