मस्टँग कितवी आली?

ओसाकाला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात फोटो काढायला रांग लागली होती. माझ्यापुढे एक मराठी गृहस्थ आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी.

“उत्तरा, ही मस्टँग. गाडी अमेरिकेची, पण चौसष्ट साली हिनं फ्रान्समधली रॅली मारली.”

“सुगोई!”

“मराठीत सांग.”

“भारी!”

“भारीच. दहा दिवस पळत होती, घाटाघाटांतून. पहिली आली.”

“सगळ्या गाड्यांत?”

“तसं नाही गं. फेरारी हिच्यापेक्षा जोरात पळत होती, पण तिचा गट वेगळा. ही टूरिंग गाड्यांच्या गटात पहिली.”

“मग तिला पहिली म्हणायचं?”

“म्हणजे काय! आपल्या गटात पहिली म्हणजे पहिलीच. उगाच फेरारीशी कशाला तुलना?”

“बाबा, शाळेच्या मॅरेथॉनमध्ये मी पाचवीच्या मुलींत पहिली आले ना?”

“हो, आलीस की.”

“घरी येऊन सांगितलं, तर तू काय विचारलंस?”

“काय विचारलं?”

“मुलगे धरून कितवी?”





“रांग हलली बघ. चल, पुढे सरक.”