कुणाशी तरी जुळलं

रक्त तपासायला आलेला शिंपी नंबर लागायची वाट बघत होता. त्याच्या मागच्याच बाकावर मायलेकींची हळू आवाजात जुंपली होती. त्याने वर्तमानपत्र उघडलं, पण कान मागेच होते.

"कॉलेजात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतलीस, आणि घरी बोलली नाहीस?"

"तीन वर्षं झाली गं. मीच विसरले होते. परवा त्या पेशीदात्यांच्या यादीवाल्यांचा फोन आला, तुमचं कुणाशी तरी जुळलंय म्हणून."

"कुणाशी?"

"ते सांगत नाहीत. रक्ताचा कॅन्सर आहे, एवढंच कळलं."

"ओळख ना पाळख! त्याला घरचं कुणी नाही?"

"घरच्यांचं जुळलं नाही."

"आणि हजारो पोरांतून तूच बरी सापडलीस!"

"आई, तू एकीकडची, बाबा दुसरीकडचे. अशी सरमिसळ त्यांच्या यादीत फार कमी आहे."

शिंप्याने त्याच पानावरून पुन्हा नजर फिरवली.

"माझ्या लग्नाला माहेरचं कुणी आलं नव्हतं."

"माहीत आहे."

"दुखतं का गं?"

"चार-पाच दिवस इंजेक्शनं. अंग मोडून येतं म्हणे. मग काही तास हातातून रक्त फिरवून पेशी काढतात. झालं."

नर्सने मुलीला हाक मारली. आधी आईच उठली.

"सिस्टर, यादीत माझंही नाव घाला."

"वय काय, काकू?"

"बावन्न."

"नाही घेता येणार. तरुण लागतात."

आईने पर्समधून मोबाइल काढला.

"मग धाकटीला बोलावते. एकोणीस वर्षांची आहे. तीही दोन्हीकडची."