फ्यूजकाकांची आठ सेकंदं

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमचे केंद्रप्रमुख साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती फ्यूजकाका, पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसलेल्या काकू, आणि खाण्याच्या वासाने कधी नव्हे ते वेळेवर जमलेले माझे सहकारी हो,

निवेदिका म्हणून नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी लिहून दिलेलं वाचत आले. आजचा कागद माझा आहे, तेव्हा अध्यक्षांनी जरा सावरून बसावं.

आज निवृत्त होणाऱ्या फ्यूजकाकांनी छत्तीस वर्षं या रेडिओ केंद्राची यंत्रं सांभाळली. घरचा पंखा बिघडला की काकू बाहेरचा माणूस बोलावतात, ही गोष्ट वेगळी. काकू, मान हलवू नका, तुम्हीच सांगितलंत.

सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे डिजिटल रेडिओ आला. जुनं ॲनालॉग चालूच, जोडीला हे नवं. डिजिटलचा आवाज स्वच्छ, पण ऐकणाऱ्याच्या संचातून बाहेर पडायला आठ सेकंद घेतो. नटूनथटून येणाऱ्याला वेळ लागणारच की! मग दोन्ही एकदम ऐकू यावेत म्हणून काका जुन्या आवाजाला इथेच एका पेटीत आठ सेकंद थांबवून ठेवायचे. म्हणजे मी बोलले की डिजिटल लगेच रवाना, ॲनालॉग आपल्याच दारात ताटकळत. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर साहेबांनी फर्मान काढलं, निवेदकांनी हेडफोनमध्ये डिजिटलच ऐकायचं. काका म्हणाले, "साहेब, ती बोलणार आत्ता आणि ऐकणार नंतर. घोटाळा होईल."

साहेब म्हणाले, "सवय होते हो सगळ्याची."

तिसऱ्याच दिवशी झाला घोटाळा. माझ्या कानात गाणं चालू होतं. खरं तर ते संपलं होतं आणि माइक उघडा होता. मी निवांतपणे काचेपलीकडच्या काकांना म्हणाले, "साहेबांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्या खोलीतली कुंडी बरी, ती निदान ऐकून तरी घेते."

काकांनी उठून पेटीची वायरच उपटली. गावभर रेडिओ वीस सेकंद मुका! डिजिटल मात्र हातातून सुटलं होतं. स्टुडिओ सोडला तर तेव्हा डिजिटल संच होता एकच. कुठे? साहेबांच्या खोलीत! पाहुण्यांना दिवे दिसावेत म्हणून चालू, आणि डुलकी मोडू नये म्हणून आवाज बंद. वाचले मी.

पण साहेबांच्या घरून वहिनींचा फोन आला, रेडिओ मधेच मुका का झाला म्हणून. त्यांच्या स्वयंपाकघरातला जुना रेडिओ दिवसभर चालू असतो. चौकशी झाली. काका म्हणाले, "माझा पाय वायरीत अडकला." मी शेजारीच उभी होते, मूग गिळून. काकांच्या फायलीत 'कामात निष्काळजी' असा शेरा बसला आणि त्यापायी मुख्य अभियंत्याची हक्काची जागा गेली.

मी म्हटलं, "काका, खरं सांगून टाकते."

तर म्हणाले, "तुझी नोकरी कंत्राटी, माझी पक्की. जा आत, गाणं संपत आलंय."

आणि मी गेले. सहा वर्षं गप्प राहिले. मला त्याची लाज वाटते.

साहेब, कुंडीचं वाक्य माझं होतं. या माणसाचा पाय छत्तीस वर्षांत कधी कुठल्या वायरीत अडकलेला नाही. काकांनी किल्ल्या तुमच्या हाती देण्याआधी तो शेरा काढा, एवढीच विनंती. माझं काय करायचं ते उद्या करा.

काका, खुणा करू नका. हा कार्यक्रम थेट प्रसारित होतोय, ठाऊक आहे मला.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, अध्यक्षांनी थोडं जास्तच घालावं. डिजिटल तर केव्हाच गेलं. आणि ॲनालॉगची वायर उपटणारा माणूस आज सत्काराच्या खुर्चीत बसलाय, पेटीपाशी कोणीच नाही.

झाली बघा आठ सेकंदं. वहिनी, नमस्कार.