दोरी कोण कापणार

—नाही, पाय हलवू नकोस, सुटेल ती दोरी, मग आजी परत बांधत बसेल आणि परत तिचं ते पुटपुटणं. बस इथेच. तंबूच्या मागे कोणी येत नाही, फक्त घोड्या आणि मी. आई म्हणालीय, अकमारल, एर्मेकला तयार कर आणि हाक मारली की सतरंजीवर आणून उभा कर — म्हणजे मी कामच करतेय, कोणी विचारलं तर सांग. तू कुठला सांगतोस म्हणा. अकरा दिवस झाले इस्तंबूलहून येऊन, तोंडातून एक शब्द नाही. आमच्या मेंढ्या जास्त बोलतात. पण समजतं तुला, मला येड्यात काढू नकोस — तिकडची भाषा नि आमची, निम्मे शब्द तेच. काल मी 'साप' म्हणाले तर कसा उडालास. बाबांचा पट्टा होता तो. आणि उशीखाली बोर्सोक लपवतोस, तेही माहीत आहे. आज सकाळी दोन कमी होते ना? मीच खाल्ले. तळलेले कणकेचे गोळे असे लपवायचे नसतात रे, मुंग्या लागतात, इथे कोणी मोजून वाढत नाही.

तर ही दोरी. काळी-पांढरी लोकर, आजीने स्वतः वळलीय. पोरगं चालायला लागलं की त्याचे पाय बांधून उभं करायचं, मग लांबून सगळ्यांनी पळत यायचं, पहिला येईल त्याने कापायची — मग म्हणे जन्मभर ठेच लागत नाही. तू पाच वर्षांचा घोडा, चालतोस काय, पळतोस. पण आजीने ऐकलं की तुझी कोणी कापलीच नाही — तिकडे कोण कापणार, तुझी आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात, आमची आईपण तिथेच, दोघी एका खोलीत, आणि मग तुझी आई गेली — जाऊ दे. आजीने ऐकलं आणि लागली कामाला. मेंढा कापला, खालच्या गावातून माणसं बोलावली, सगळं तुझ्या या दोन काड्यांसाठी.

आता गोम बघ. जो कापतो त्याच्या वळणावर पोर जातं, असं आजीचं म्हणणं. माझी कापली बेकमुरातने, ज्याने नंतर मास्तरांच्या खोलीत बोकड कोंडला — मग मी अशी निघाले त्यात माझा काय दोष? म्हणून तुझ्यासाठी सगळ्यांनी मिळून मीरिमला नेमलंय. काकाची मीरिम. वर्गात पहिली, न सांगता भांडी घासते, शिंकतानासुद्धा माफी मागते. तिने कापली तर तू पण तसाच होशील, नि मी एकटी काय करू मग या घरात? बाकीच्या पोरांना काकाने बजावलंय, मीरिमच्या पुढे जायचं नाही. मला नाही बजावलं. मला म्हणाले, तू पळूच नकोस. म्हणून मी काय केलं — हसू नकोस — अरे, हसतच नाहीस तू — मी तिला सकाळपासून चार वाडगे किमीझ पाजला. घोडीचं आंबवलेलं दूध, चार वाडगे, वर मेंढ्याची चरबी. पळू दे आता.

काय बघतोस खाली? बूट? ढगळ आहेत, माहीत आहे, माझे जुने आहेत, पुढे लोकर कोंबलीय. तुझे नवे आईने आणले होते, लाल, खास तुझ्या मापाचे. दुसऱ्या दिवशीच पावलं सोलली ना तुझी? माप चुकलं नव्हतं. आईचं माप कधी चुकत नाही, तिने तीन वर्षं दुसऱ्यांचीच मापं घेतलीत. बूट गेल्या पानगळीतले होते. तू पानगळीत येणार होतास.

तुला दत्तक घ्यायचे कागद अडले, असं आई सांगते सगळ्यांना. कागद कुठले अडतात. सरकारकडून एक बाई आली होती, घर बघायला, वही घेऊन — पोराला नीट ठेवतील का, कुठे झोपवतील, वगैरे. आई चहा करत होती, बाबा मेंढ्यांकडे. बाई मला म्हणाली, तुला आवडेल का भाऊ? आणि मी — माझं तोंडच असं आहे रे, मी सरळ चेहऱ्याने सांगितलं, हो तर, मागचा लांडग्याने नेला तेव्हापासून जागा रिकामीच आहे, वासरांजवळ झोपवतो आम्ही लहानांना, ऊब मिळते. मला वाटलं हसेल. कोणीही हसलं असतं. तिने लिहून घेतलं. सगळं. लांडगासुद्धा. मग म्हणे पुन्हा तपासणी, तोवर बर्फ पडलं, घाट बंद, आठ महिने. आई फोनवर कोणाकोणाच्या पाया पडायची आणि मी पलीकडे बसून सूत गुंडाळायचे. सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. तुलाच पहिल्यांदा — तू बोलत नाहीस म्हणून.

आठ महिने तू त्या अनाथांच्या घरात. पाय वाढत होते तुझे.

गंमत केली होती रे. म्हणजे — थोडी खरीपण होती. मला नको होतास तू. आईने तीन वर्षं तिकडे तुझे गाल पुसले आणि माझी इकडे फोनवर ओळख. आता हवा आहेस, तो वेगळा विषय. पण दोरी मीच कापणार असं मनात ठरवलं होतं, आणि आता सांगून बसले नि वाटतंय, पळू दे मीरिमलाच. चार वाडग्यांसकट.

ऐकलंस? आई हाक मारतेय. चल, उठ, धर हात — आई गं. अरे, माझे पाय. थांब, कशात अडकले — ही काळी-पांढरी — ही तुझी दोरी आहे. माझ्या बुटांना. कधी बांधलीस? मी एवढं रडकं बोलत होते आणि तू — हसतोस? तू हसतोस? दात किडलाय की तुझा एक, आत्ता दिसला.

ए, कुठे निघालास? एर्मेक, पाय बांधलेले हवेत तुझे, सगळे बघतील — अरे, सुटलाच. तंबूच्या कडेने दिसतोय — बघा कसा पळतो ढगळ बुटांत. मीरिमने तोंड उघडं टाकलंय. आजीच्या हातातून काय ओढलं त्याने — कात्री. झालं. आता मला शिव्या. हळू ये रे, पडशील, पातं मुठीत धर, मुठीत. हां. अस्सं.

मला कापणार होय? काप मग. पण नियम माहीत आहे ना — कापणाऱ्यासारखं व्हावं लागतं. म्हणजे मी आता तुझ्यासारखी, गप्प.

काप.