आमची गाडी अशी गप्प नसते

...आणि म्हणे, काका, गाडीचा कॉम्प्युटर गेलाय. आता मला सांगा, माझ्या गाडीत कॉम्प्युटर कुठून आला? बावीस वर्षं झाली गाडी घेऊन, तिच्यात मी माणसं बसवली, पोती घातली, एकदा शेजाऱ्याचं कपाट टपावर बांधून नेलं, पण कॉम्प्युटर काय मी बसवला नव्हता. मिस्तरी म्हणतो, तुम्ही नाही हो, कारखान्यातूनच येतो, शेजारच्या सीटच्या पायाशी तो पत्र्याचा डबा आहे ना, तोच. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तो ठरवतो. म्हणजे बघा, बावीस वर्षं मी समजत होतो गाडी मी चालवतोय.

तो डबा मला माहीत होता. मला वाटायचं हीटरचा आहे.

तुम्हाला सांगतो, शाळा माझी चौथीत सुटली, पण अडतीस वर्षं बस चालवली आहे. पॅसेंजरने हातात चहाचा कप धरावा आणि मी गिअर टाकावा, थेंब सांडला तर नाव बदलीन. तेव्हा गाडीतलं मला कळत नाही असं कुणी म्हणू नका. कॉम्प्युटरमधलं कळत नाही, ते कबूल. पण आता यात माझं काय चुकलं, सांगा.

आणि गाडी बिघडली म्हणून मी रडत नाही. इतक्या गाड्या बिघडलेल्या बघितल्यात, गाडी बिघडते, माणूस उतरतो, चालत जातो. पण आमच्याकडे पाच वाजतात ना, त्याचं काय करायचं?

म्हणजे असं, की आमच्या हिला आता आठवत नाही. सुरुवातीला डाळीत मीठ दोनदा पडायचं, मग गॅस तसाच, मग एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही कुणाकडे आलात? मी म्हटलं, तुझ्याकडेच. तर म्हणे, बसा, हे बाहेर गेलेत. हे म्हणजे मी. दिवसभर तशी बरी असते, भाजी दिली तर निवडते, निवडलेली परत मिसळते, पुन्हा निवडते, माझी काही तक्रार नाही. पण घड्याळात पाच वाजले की उठते, पिशवी घेते, पिशवीत एक टॉवेल, एक चमचा आणि घड्याळाचा डबा घालते आणि दाराशी उभी राहते. मला घरी सोडा. अगं, हेच घर, हा बघ तुझा ओटा, हे तुझं कपाट. ते सगळं छान आहे हो, म्हणते, पण आता उशीर झाला, घरी वाट बघत असतील, मला सोडा.

रडते हो. लहान पोर जत्रेत हरवल्यावर रडतं ना, तशी. डॉक्टरने गोळी दिली, तर गोळी घेऊन झोपेत रडायला लागली.

मग एकदा वैतागून मी तिला गाडीत बसवली. चल, सोडतो तुला घरी. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, पुलाखालून वळलो, मागच्या रस्त्याने आलो, त्याच दाराशी उभी केली. म्हटलं, आलं घर. तिने बघितलं आणि असा निःश्वास सोडला म्हणता... आलं बाई एकदाचं. उतरली, आत गेली, चहा ठेवते म्हणाली. दीड वर्ष झालं याला. रोज पाच वाजता मी माझ्या बायकोला तिच्याच घरातून तिच्याच घरी सोडतो. मी ड्रायव्हर. रस्ताभर मला नवऱ्याच्या कागाळ्या सांगते. ड्रायव्हरदादा, आमचे हे एक नंबरचे खडूस, सरळ बोलणंच नाही, आता घरी गेल्यावर बघा कसं तोंड करून बसले असतील. मी म्हणतो, असतात बाई काही माणसं. तर म्हणते, तुम्ही बरे आहात. आता यात माझं काय चुकलं?

तर ही गाडी. तिला वर्षभर खोकला होता. सिग्नलला उभी केली की सगळं अंग थरथरायचं, काचा वाजायच्या, खणातला चष्मा टकटक करायचा आणि आमची ही त्या तालावर मान डोलवत बसायची. मिस्तरीने प्लग बदलले, पंप बदलला, बॅटरी बदलली, वायरी बदलल्या. एवढं बदलल्यावर आता मूळची गाडी किती उरली विचारलं, तर म्हणतो, काका, तुम्ही आहात ना मूळचे. मग गाडी तापली की बंद पडायला लागली. एकदा पुलाखाली पडली, पाच-पंचवीसला, मागे हॉर्नची बोंबाबोंब, हिचं रडं सुरू. मी खाली वाकून हात फिरवला तर तो डबा तव्यासारखा तापलेला. माझ्याकडे पाण्याची बाटली होती, पंचा होता. पंचा भिजवून डब्यावर टाकला. जसं तापाच्या माणसाच्या कपाळावर टाकतात. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, गाडी चालू. मग काय, महिनाभर रोज ओला पंचा.

आणि एक दिवस किल्ली फिरवली, तर नुसती टिक. पुन्हा टिक. संपलं.

मिस्तरीने एक लॅपटॉपवाला आणला, पोरगेलासा चेहरा पण दाढी पांढरी, त्याने डबा काढून झाकण उघडलं, तर आत सगळं हिरवं. विहिरीच्या कठड्यासारखं शेवाळ. तो माझ्याकडे बघतो, डब्याकडे बघतो. काका, आत एवढं पाणी कसं गेलं? मी म्हटलं, हल्ली हवाच दमट असते. मिस्तरीने पायाशी पडलेला पंचा उचलला, पिळला आणि बॉनेटवर वाळत घातला. चांगला माणूस आहे.

नवा डबा कंपनी आता करत नाही. भंगारात तशीच गाडी सापडली तर तिचा काढून आणू, म्हणाले, आठ-दहा दिवस धरा. आठ-दहा दिवस म्हणजे किती वेळा पाच वाजतात, मोजा.

पहिल्या दिवशी टॅक्सी बोलावली. गार, सेंट मारलेली, आत गाणी. ही दारातूनच मागे फिरली. परक्याच्या गाडीत बसायचं नाही, म्हणे. दुसऱ्या दिवशी तिला अंगणातल्या बंद गाडीतच बसवली, स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने घर्रर्र करत बसलो. खरं सांगतो, अडतीस वर्षं बस चालवलेला माणूस, तोंडाने गाडी चालवतोय. मध्येच गिअर बदलतोय. पंधरा मिनिटं ती गप्प बसली, मला वाटलं जमलं. मग म्हणाली, ड्रायव्हरदादा, रागावू नका, पण समोरची भिंत कधीची तिथेच आहे.

सहाव्या दिवशी मी संडासला गेलो आणि ही गेली. कडी तिला उघडता येत नाही असं मी धरून चाललो होतो. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडली न्हाव्याच्या दुकानात. खुर्चीवर बसून होती, मांडीवर पिशवी, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला रक्त. न्हावी म्हणाला, आजी नंबर लावून बसल्यात, कशाचा ते सांगत नाहीत.

हे मुलाला कळलं. फोनवर म्हणाला, बाबा, आता बास. मी एक जागा बघितली आहे, तिथे नर्सा असतात, दारं बंद असतात, रविवारी मी कागद घेऊन येतोय. मी म्हटलं, दारं बंद असतात तिथे पाच वाजत नाहीत का? तो म्हणाला, बाबा, तुमच्याच्याने होत नाही, आणि हे मी चिडून बोलत नाहीये. ते मला आवाजावरून कळत होतं. चिडून बोलला असता तर मीही चार ऐकवल्या असत्या. मी एवढंच म्हटलं, ये, रविवारी आईला गाडीतून फिरवू, तू मागे बस, बघ, मग दे कागद.

शुक्रवारी डबा आला. कुठल्या तरी चेपलेल्या गाडीतला. लावला, तर गाडी चालू होईना, लाल दिवा उघडझाप. लॅपटॉपवाला म्हणाला, हा डबा तुमची किल्ली ओळखत नाही. अरे, बावीस वर्षांची किल्ली आहे. तुमच्यासाठी जुनी, काका, त्याच्यासाठी नवीन आहे, त्याला ओळख करून द्यावी लागेल. किल्ली फिरवायची, दहा मिनिटं गप्प बसायचं, बंद करायची, पुन्हा. तीनदा. मी बसलो. घरात तेच, इथे तेच, सवय होती. अर्ध्या तासात ओळख पटली. म्हटलं, मिस्तरी, एवढं झालंय तर आता पोराला दाखवायचीय, एकदम नव्यासारखी करून दे. त्याने थरथर अडवणारी इंजिनाखालची रबरंही बदलली. इंजिन चालू आहे की बंद, ते कान लावून बघावं लागायचं.

आता यात माझं काय चुकलं, सांगा.

रविवारी पाच वाजता पोरगं मागे बसलं, कागदांची फाईल मांडीवर. ही पिशवी घेऊन पुढे बसली. किल्ली फिरवली. कुठे काच वाजली नाही, चष्मा हलला नाही. आणि तिने दाराचा दांडा धरला. ही कुणाची गाडी? म्हटलं, आपलीच. नाही, म्हणे, आमची गाडी अशी गप्प नसते, मला उतरवा, हा माणूस मला कुठेतरी नेतोय. आणि दार उघडायला लागली. मागे पोराने फाईल उघडली, मला आरशात दिसलं.

मला काय सुचलं, देव जाणे. मी क्लच अर्धवट सोडला. गाडी धडपडली. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी चालवतो ना, तसे आचके. काच वाजली. खणातला चष्मा टक करून आपटला. हिचा हात दांड्यावरून सुटला. मी तसाच निघालो, पाण्याच्या टाकीपर्यंत आचके देत, सिग्नलला उभा राहून पायाने गाडी थरथरवत, शेजारचा रिक्षावाला विचारतो, आजोबा, लायसन कधी मिळालं? पायाला गोळे आले. पण ही मान डोलवायला लागली. मागे फाईल मिटल्याचा आवाज आला, पोरगं खिडकीबाहेर बघत होतं, नाक ओढत होतं, त्याला म्हणे धुळीची अॅलर्जी आहे.

दाराशी उभी केली. आलं घर. ती उतरली नाही लगेच. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, मागच्याला ऐकू जाऊ नये अशी, ड्रायव्हरदादा, तुम्ही माणूस चांगले, पण गाडी काही तुम्हाला येत नाही. आमचे हे बस चालवायचे. कपातला चहा हलायचा नाही. भेटले तर शिकून घ्या त्यांच्याकडून.

मी म्हटलं, भेटले तर विचारीन.

तेव्हापासून रोज पाच वाजता मी गाडी वाईट चालवतो. मिस्तरी म्हणतो, काका, असं केलंत तर क्लच वर्षभरात जाईल. जाऊ दे. आणि ती रोज मला नावं ठेवते आणि त्या बसवाल्याचं कौतुक सांगते. सांगू दे... यात तिचं तरी काय चुकलं.