फोनचं वजन किती, एवढंच सांगा!

...आणि मलाच म्हणतो, "मॅडम, वजनाचं काय घेऊन बसलात?" वजनाचं काय म्हणजे? अरे बाबा, दिवसभर तो फोन मी हातात धरते, तू नाही धरत! तुम्हाला सांगते, आख्ख्या डोंबिवलीतली मोबाईलची दुकानं पालथी घातली, स्टेशनजवळची झाली, मानपाड्याची झाली, एका रविवारी तर कल्याणलाही जाऊन आले, आणि प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला... वजन किती? बस्स! आणि मला काय काय सांगितलं म्हणता... कॅमेरा सांगितला, रॅम सांगितली, पाण्यात पडला तरी चालतो म्हणून सांगितलं, अंधारात फोटो निघतात म्हणून सांगितलं, वजन सोडून सगळं सांगितलं हो! अंधारात मी कुणाचे फोटो काढणारे?

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही वैशाली फोन घ्यायला गेलेली की कांदेबटाटे?

तर झालं काय, माझा हा अंगठा. उजवा. दुखायला लागला तो लागलाच. बरणीचं झाकण उघडेना, पोळी लाटताना कळ थेट कोपरापर्यंत! बाम झाला, शेक झाला, सासूबाईंनी निर्गुडीचा पाला बांधला, शेवटी गेले हाडांच्या डॉक्टरांकडे. मला वाटलं एक्स-रे काढतील, काहीतरी कॅल्शियम-बिल्शियम म्हणतील. तर ते म्हणतात, "मोबाईल बघू तुमचा." मी दिला. त्यांनी तो तळहातावर असा उडवून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, जसं काही मी पाट्याचा दगडच कानाला लावून बोलते! "हा तुम्ही एका हाताने धरता? आडवं पडून?" "छे हो, आडवं कुठे... म्हणजे, दुपारी जरा पाठ टेकते तेव्हा..." "खालून करंगळी लावून, अंगठ्याने वर वर सरकवत?" अगं बाई! ह्या माणसाला कसं कळलं? आमच्या खिडकीतून बघतात की काय? "अंगठ्याला आराम द्या," म्हणाले, "आणि पुढचा फोन हलका घ्या."

आता तो फोन तरी माझा होता का? समृद्धीचा जुना! आईला कधी नवा फोन मिळतो का, तुम्हीच सांगा. लेकीला नवा, लेकीचा जुना आईला, ही आपल्याकडची रीतच आहे. त्या पोरीला सिनेमे बघायला हवा होता म्हणून पाटाएवढा फोन घेतलेला, तो आला माझ्या गळ्यात. म्हणजे हातात. जाऊ दे.

तुम्ही म्हणाल, दुखतोय अंगठा तर दुखू दे, पन्नाशी आली, काहीतरी दुखणारच. नाही हो! पाडवा तोंडावर आलेला! पाडव्याला आमच्या डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते, आणि यात्रा ज्या चौकातून जाते त्या आमच्या चौकात आदल्या दिवशी ही एवढी मोठी रांगोळी पडते. आणि त्या रांगोळीची रेघ माझी! रंग भरायला बायका पुष्कळ आहेत, पण पांढरी रेघ, जिच्यावर सगळं चित्र उभं राहतं, ती ह्या चिमटीतून सुटते. वर्षानुवर्षं. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं, त्या रेघेने ओळखायला लागले. "रेघवाल्या काकू" म्हणतात मला भाजीबाजारात!

आणि त्या वर्षीच्या सरावाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी मोराची मान काढायला घेतली आणि मध्येच आली कळ... बदक झालं हो. सरळ सरळ बदक. कुणी हसलं नाही, हेच तर वाईट! आमच्या ग्रुपची सोनल, कालची पोर, सगळं तीच ठरवते हल्ली, ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात म्हणते, "काकू, ह्या वर्षी तुम्ही रंग भरा ना... बसून, आरामात, खुर्ची देते ना मी तुम्हाला."

खुर्ची! मला! रंग भरा! मी म्हटलं, "हो गं, बघू की." घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हमसून हमसून रडले. आणि डोळे पुसून म्हटलं, बस्स, महिना आहे हातात, फोन बदलायचा आणि रेघ मीच काढायची.

घरात जाहीर केलं. झालं! प्रत्येकाला माझा फोन आपणच निवडायचा. आमचे हे, साईनाथराव, वागळे इस्टेटला कारखान्याच्या टूलरूममध्ये आहेत, केसाच्या जाडीचा फरक पडला तर घडवलेला पार्ट परत पाठवतात, असा माणूस! तो मला म्हणतो, "अगं, पन्नास-साठ ग्रॅमने काय होतंय? बॅटरी बघ, बॅटरी! दोन दिवस चालते!" अहो, मी दोन दिवस कधी घराबाहेर राहिलेय? राहू देता का? समृद्धी म्हणते, "आई, तू ना, आधी स्पेक्स बघ यार." मी म्हटलं, स्पेक्समध्ये बघ, वजन किती? तर म्हणते, "ते कोण बघतं?" मी बघते! मी!

मग ती दुकानं. शेवटच्या दुकानात तो टायवाला होता ना, तो सुरुवातीला म्हटलं तो. त्याने एक फोन माझ्या हातावर ठेवला, हात खालीच गेला माझा. "प्रीमियम फील आहे मॅडम, टायटॅनियम बॉडी!" म्हटलं, टायटॅनियम म्हणजे जड की हलका? "म्हणजे प्रीमियम." म्हटलं, ठीक आहे, पण वजन किती? "वजनाचं काय घेऊन बसलात, मॅडम?"

तेव्हा माझा पारा चढला. मी पर्स उघडली आणि काउंटरवर ठेवला वजनकाटा! हो, घरून नेलेला! लॉकडाऊनमध्ये समृद्धीला केकचं वेड लागलेलं तेव्हा घेतलेला तो चपटा काटा, मैदा लागलेला कोपऱ्यात अजून. म्हटलं, ठेव एकेक. त्याने हसत हसत पहिला ठेवला, दुसरा ठेवला, तिसऱ्यापर्यंत त्याचं हसू गेलं, कारण मागे माणसं जमायला लागली! एक आजोबा म्हणाले, "ताई, माझापण ठेवा जरा." एक बाई म्हणाली, "माझापण, माझी मान दुखते हल्ली." मग लाईन लागली हो, खरेदी राहिली बाजूला, सगळे आपापले फोन तोलायला उभे! आणि आमचे हे? टीव्हीच्या विभागात जाऊन उभे, पाठ करून, जशी काही माझी त्यांची ओळखच नाही. मी मुद्दाम तिथून ओरडले, "अहो! मिळाला बरं का! एकशे साठ!"

एकशे साठ ग्रॅम! जुना होता सव्वादोनशेचा. मी तो हातात घेतला आणि तुम्हाला सांगते, काही घेतल्यासारखं वाटलंच नाही. जुना तिथेच एक्स्चेंजमध्ये दिला, मागे वळून बघितलं नाही त्याच्याकडे.

घरी आले. सासूबाईंच्या हातात दिला. पहिला मान त्यांचा ना! त्यांनी तळहातावर तोलला, एकदा तोलला, दोनदा तोलला, आणि मला हळूच विचारतात, "वैशाली, ह्याच्या आत आहे ना गं सगळं?" म्हटलं, आई, आत आहे सगळं, हलका आहे तो. "मला वाटतं तुला नुसतं टरफल दिलं त्याने. वस्तू कशी, हातात घेतल्यावर घेतल्यासारखी वाटली पाहिजे." आता त्यांचंही काय चुकलं? आपल्याकडे वस्तू जड लागली की चांगली. कढई जड, परात जड, पातेलं जाड बुडाचं, सोन्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यात मी पैसे मोजून हलकी वस्तू घरात आणलेली! दोन दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "फसली आमची वैशाली."

आणि खरी गंमत पुढेच आहे. आमच्या घरात नवी वस्तू उघडी ठेवत नाहीत! रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, बटणं दिसत नाहीत, अंदाजाने दाबतो. फ्रिजला कव्हर, मिक्सरला झालर लावलेलं कव्हर, सोफ्याला कव्हर आणि ते कव्हर खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर चादर. मूळ सोफा कुठल्या रंगाचा होता यावर आमचं भांडण होतं. तर अशा घरात माझा फोन उघडा राहील? दुसऱ्या दिवशी हे कामावरून पिशवी घेऊनच आले. जाड काच! आणि कव्हर! काळंभोर, चारी कोपऱ्यांना गुठळ्या! "दुसऱ्या मजल्यावरून टाक, काही होणार नाही!" अहो, मी कशाला टाकू दुसऱ्या मजल्यावरून? समृद्धीने मागे अंगठी चिकटवली, "ग्रिप येते आई." सासूबाई म्हणाल्या, कव्हरला कप्पा आहे ना, रिकामा कसा ठेवायचा? गावच्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी, लक्ष्मीपूजनातलं चांदीचं नाणं, माझं आधार कार्ड आणि शेअर रिक्षाला लागतात म्हणून सुटे. सुटे! दहादहाची नाणी हो, मूठभर!

मी उठले. गेले, काटा आणला, डायनिंग टेबलवर ठेवला, त्याच्यावर फोन ठेवला आणि म्हटलं, या सगळे. वाचा. वजन किती?

दोनशे एकोणनव्वद! जुन्यापेक्षा जास्त! ह्यांनी चष्मा पुसला आणि काटा बिघडला असेल म्हणाले.

मी सगळं ओरबाडून काढलं. अंगठी काढली, काच काढली, देवीची माफी मागून अंगारा काढला. उघडाबोडका फोन हातात घेतला, गुळगुळीत... आणि निसटला! सोफ्यावर पडला हो, कव्हरवरच्या चादरीवरच्या उशीवर, काही झालं नाही त्याला! पण घरात असा काही आरडाओरडा झाला, शेजारच्या गोदाताई धावत आल्या, "कोण पडलं? कोण पडलं?" सासूबाई म्हणाल्या, "एक तर कव्हर घाल, नाहीतर कपाटात ठेव, माझ्या जिवाला घोर नको." माझंही डोकं फिरलेलं. म्हटलं, कव्हर घालणार नाही! "मग कपाट." ठेवा! म्हटलं, खुशाल ठेवा! मला नकोच!

आणि ठेवला की हो त्यांनी! साड्यांच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी! फोन आला की कपाट वाजायचं. दार उघडून, साड्या सरकवून हातात येईपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. पहिले काही दिवस माझा हात नुसता शिवशिवत होता, दुपारी पाठ टेकली की आपोआप वर जायचा, रिकामा. चिडचिड, चिडचिड! सगळ्यांशी अबोला. फोन मागायचा तर नाहीच, असा हट्ट. आणि एका सकाळी लोणच्याची बरणी उघडली, फोडी वाढल्या, झाकण लावलं, आणि मग लक्षात आलं... अगं बाई, कळ कुठे गेली?

पाडव्याच्या आदल्या दुपारी चौकात गेले. सोनलने खरंच खुर्ची आणून ठेवलेली, वर उशीसुद्धा! मी तिच्याकडे बघितलंच नाही. चप्पल काढली, पदर खोचला, पांढरी रांगोळी मुठीत घेतली. सगळ्या बायकांचं लक्ष माझ्या चिमटीकडे. म्हटलं, आज रेघ वाकली तर उद्यापासून आपण रंगवाल्या काकू. श्वास धरला आणि सोडली रेघ... सरळ! मान वळवली, वळली! मोर हो, अस्सल मोर! तिथेच गुडघ्यावर बसल्या बसल्या डोळे भरून आले माझे. आणि सोनल धावत आली, "काकू! अंगठा बरा झाला! नवीन हलका फोन घेतला ना तुम्ही, म्हणून! सांगा ना काकू... वजन किती?"

बघा! एवढी वणवण केली तेव्हा ह्या प्रश्नाला कुत्रं विचारत नव्हतं, आणि आता सगळ्या बायका मला घेरून, "हो हो, वजन किती? वजन किती?" काय सांगू? कपाटात आहे म्हणून सांगू? म्हटलं, एकशे साठ. झालं! सगळ्या निघाल्या तोच फोन घ्यायला. काटा मागायला आलेल्या घरी!

पाडवा झाल्यावर डॉक्टरांना अंगठा दाखवला. ते खूश. "व्वा! जे काय करताय ते असंच चालू ठेवा, अजिबात बदल करू नका!" आणि हे त्यांनी कुणासमोर सांगावं? सासूबाई सोबत होत्या!

तेव्हा तुम्हाला कुणाला मला फोन करायचा असेल ना, तर जरूर करा, फक्त जरा जास्त वेळ वाजू द्या... कपाटाची किल्ली आता सासूबाईंच्या कमरेला असते, आणि दुपारच्या त्या झोपलेल्या असतात.